तिसरं बटण

माझे मामेसासरे रागावले नाहीत असा एकही दिवस पांझरा नदीनं पाहिलेला नाही, आणि ती नदी त्यांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तिची साक्ष मी खरी मानतो. बायकोचे सख्खे मामा ते; धुळ्याला देवपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. इतर माणसं कारण घडलं की रागावतात. आबांचा राग सकाळी त्यांच्याबरोबर उठे, त्यांच्याबरोबर अंघोळ करून दुकानात येई आणि मग दिवसभर कारणाची वाट पाहत बसे. दुकानाचं तोंड पूर्वेला होतं म्हणून ते सूर्यावर रागावत. काचेत टांगलेल्या कापडाचा रंग तो उडवतो. कापूस पिकवायचा खान्देशानं, कापड विणायचं भलत्यांनी आणि पहिल्या धुण्याला आटायचं मात्र पुन्हा खान्देशी माणसाच्या अंगावर, म्हणून ते समस्त गिरण्यांवर रागावत. गिऱ्हाइकासाठी मात्र त्यांनी वेगळा, ठेवणीतला राग राखलेला असे. माप दिल्यापासून ट्रायलला येईपर्यंत कोणी जरा सुटला, की आबा गळ्यातली टेप सावरून त्याला खालून वरपर्यंत न्याहाळत आणि विचारत, "मापाला कोणाला पाठवलं होतं?"

पण या सगळ्या रागांचा मुकुटमणी म्हणजे पँटच्या मागचा खिसा. त्या खिशाचं नुसतं नाव काढलं तरी आबांच्या कानशिलावरची शीर उडायला लागे. "मागं पाकीट ठेवून फिरायचं म्हणजे चोराला जेवायला बोलवायचं आणि आपण पाठ करून बसायचं," असं ते म्हणत. ज्याला अगदीच हौस असेल त्याला ते मागचा खिसा शिवून देत, पण त्याचं तोंड आतून पक्कं टीप मारून बंद करत. खिसा दिसायचा, उघडायचा नाही. माझ्या लग्नाचा सूट आबांनीच शिवला होता आणि ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नव्हती. वरातीत घाम पुसून मी रुमाल मागच्या खिशात घालू लागलो, तो जाईना. मी वळून वळून, एका पायावर गोल फिरत तो कोंबत राहिलो. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव नाचतोय, त्यांनी ठेका वाढवला. आमच्या जळगावातले काही लोक अजून त्या नाचाची आठवण काढतात.

आता अशा माणसाकडे गिऱ्हाईक जाई कशाला? तर चोरखिशासाठी. आबा शर्टाच्या आत घालायची बंडी शिवत आणि तिच्या डाव्या बगलेखाली असा एक चोरखिसा बसवत, की खुद्द बंडी घालणाऱ्यालाही तो पहिले आठ दिवस सापडत नसे. त्यावर झाकण, झाकणाला तीन बटणं. पहिली दोन साधी. तिसरं बटण शिवणीच्या आत दडलेलं, आणि ते उलट्या दिशेनं फिरवून काढावं लागे. केळीवाले, कापसाचे व्यापारी, लेकीच्या लग्नाचे दागिने घेऊन प्रवासाला निघालेले बाप, सगळे धुळ्याला येऊन बंडी शिवून नेत. "तीस वर्षं झाली, माझ्या खिशातून एकाचंही पाकीट गेलेलं नाही," हे वाक्य आबा ज्या सुरात म्हणत, त्या सुरात इतर लोक आरती म्हणतात. एकदा त्यांच्या ओळखीच्या निवृत्त हवालदारानं चाळीसगाव जंक्शनवरचा, धंदा सोडलेला एक जुना खिसेकापू मुद्दाम दुकानात आणला. आबा बंडी घालून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काढ." तो बिचारा अर्धा तास त्यांच्या बगलेशी झटला. आबांना गुदगुल्या झाल्या, पण ते हसले नाहीत. रागानं बसून राहिले. शेवटी त्या गृहस्थानं हात जोडले आणि स्वतःसाठी एक बंडी शिवायला टाकली.

अशा माणसाला घेऊन मी परदेशी गेलो, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. परदेश म्हणजे नेपाळ. मामींना पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं होतं आणि त्या वेळी आपल्याकडून यात्रेच्या बसेस काठमांडूपर्यंत जायला लागल्या होत्या. बरोबर आचारी, टपावर भांडी, डाळ-तांदूळ, मिरच्यांचा ठेचा. आबांनी जाहीर केलं की परक्या मुलखात एखादा शिकलेला माणूस बरोबर पाहिजे, आणि मी सरकारी कचेरीत कारकून असल्यानं त्या वर्णनात कसाबसा बसत होतो. आबांनी पासपोर्टसाठी आधीच फोटो काढून घेतला होता. नेपाळला पासपोर्ट लागत नाही असं मी सांगितल्यावर ते माझ्यावरच रागावले. "मग परदेश कसला तो?" पण तयारी त्यांनी परदेशाचीच केली. बसमधल्या झाडून सगळ्या पुरुषांना त्यांनी निघण्याआधी बंडी शिवून दिली, आणि सोनौलीच्या हद्दीवर कस्टमवाल्यांच्या आधी स्वतः बसमध्ये फिरून एकेकाच्या बगलेखाली थाप मारून खात्री केली. माझ्याही मारली. बंडी होती. पाकीट मात्र शर्टाच्या खिशात होतं, कारण ते तिसरं बटण मला उघडता येत नसे. हद्दीपर्यंत येताना दोनदा मला पाकिटासाठी मामींची मदत घ्यावी लागली होती, आणि भर रस्त्यात मामेसासूनं जावयाच्या बगलेत हात घालणं काही बरं दिसत नाही.

नेपाळात शिरल्याबरोबर आबांचा राग ताजातवाना झाला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं. आबांनी ते पुढं करायला साफ नकार दिला. "तासाचा फरक असता तर समजलो असतो," ते म्हणाले. "पंधरा मिनिटांसाठी कोणी वेगळा देश काढतं?" परिणामी काठमांडूत ते सगळीकडे पंधरा मिनिटं उशिरा पोहोचत आणि तिथल्या लोकांनी घाई केली म्हणून रागावत. दिसेल त्या माणसाकडे ते संशयानं पाहत. एका म्हाताऱ्या नेपाळी बाईनं त्यांना वाटेत वाकून नमस्कार केला, तर आबांनी नमस्कार परत केला तो एकाच हातानं. दुसरा बगलेवर होता. आणखी एक गंमत म्हणजे आमच्या बसमधली मंडळी. घरी सगळे अहिराणी बोलणारे, पण हद्द ओलांडल्यापासून त्यांना काय झालं कोण जाणे, "आपण जरा इकडे यावं", "काय सुंदर दृश्य आहे" असं पुस्तकी बोलायला लागले. आबांना त्याचाही राग. खिडकीशी बसून ते पुटपुटत, "बठ्ठा सायेब व्हई ग्यात, सगळेच्या सगळे."

पशुपतिनाथाच्या दाराशी चामड्याची वस्तू आत नेऊ देत नाहीत. माझं पाकीट रेक्झिनचं होतं. कमरेचा पट्टा चामड्याचा, म्हणून तो मी बसमध्ये ठेवला आणि एका हातानं पँट धरून दर्शनाला निघालो. आबांचं पाकीट मात्र अस्सल चामड्याचं, मामींनी त्यांच्या साठीला हौसेनं घेतलेलं. ते बसमध्ये ठेवायला आबा तयार नव्हते. "तुम्ही जाऊन या," ते म्हणाले, "मी इथून कळसाला हात जोडतो." आम्ही आत गेलो. गर्दीत मामींचं दर्शन लांबलं म्हणून मी एकटा आधी बाहेर आलो. आबा फुलांच्या दुकानाशी उभे होते. टोपी हातात. तोंडावर राग नव्हता. तो चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला आणि घाबरलो.

"पाकीट गेलं," आबा हळूच म्हणाले.

"कसं?"

"मारलं."

मी त्यांच्या शर्टाच्या फटीतून आत पाहिलं. चोरखिसा रिकामा होता आणि तिन्ही बटणं व्यवस्थित लावलेली होती. चोरानं पाकीट काढून पुन्हा तिसऱ्या बटणासकट सगळं जागच्या जागी केलं होतं. मला ते तेव्हाही जरा जास्तच सभ्यपणाचं वाटलं, पण आबा म्हणाले, "इथले चोर. हात साफ असतो त्यांचा." मी पोलिसांत जाऊ या म्हणालो. त्यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की माझ्या हातातून पँट सुटता सुटता राहिली. "पोलिसांत जायचं नाही. कोणाला बोलायचं नाही. मामीलासुद्धा नाही." एवढ्यात दारातून आमची मंडळी बाहेर पडताना दिसली, पुढे मामी. आबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं पाकीट द्या."

मी द्यायची गरजच नव्हती. माझा एक हात पँटला, एक त्यांच्या तावडीत. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, आपल्या चोरखिशात घातलं, दोन बटणं लावली, तिसरं फिरवलं, आणि डोक्यावर टोपी ठेवून सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात गर्जले, "बंडी शिवून दिली होती ना तुम्हाला? मग शर्टाच्या खिशात कशाला ठेवलंत पाकीट? गेलं ना आता?"

मी तोंड उघडलं. आबांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी ते मिटलं. तीस वर्षांची आरती त्या डोळ्यांत अडकून पडली होती. मग मंडळी जमली, मामींनी कपाळाला हात लावला, आणि परक्या देशात, देवाच्या दारात, एका हातानं पँट धरून उभ्या असलेल्या मला बसमधल्या प्रत्येकानं आपापल्या शुद्ध मराठीत उपदेश केला. मला वाटलं होतं की परतीच्या वाटेवर आबा पाकीट गुपचूप परत करतील. गोरखपूरला मी सूचकपणे खोकलो. ते म्हणाले, "आता दिलं तर लोक विचारतील, सापडलं कसं." म्हणजे माझं पाकीट खरोखरच गेलं होतं, फक्त कोणी नेलं, एवढ्यापुरता काय तो फरक.

पुढची सात वर्षं मी ज्या रागात काढली तो राग आबांच्या रागापेक्षा वेगळ्या जातीचा होता. त्यांचा वाफेसारखा बाहेर पडे. माझा आतल्या आत करपे. आमच्या सोयऱ्यांत एक लग्न असं झालं नाही जिथं पंगतीत आबांनी माझ्याकडे बोट दाखवून "हे आमचे जळगावचे जावई, काठमांडूला पाकीट घालवून आले" असं सांगितलं नाही. दर लग्नात गोष्ट वाढत गेली. आधी मी नुसता निष्काळजी होतो. मग मी डोंगर बघत तोंड उघडं टाकून उभा होतो. पुढं पुढं तर मी चोराला वेळ विचारली होती आणि त्यानं ती पंधरा मिनिटं पुढची सांगितली होती. कचेरीत मला काठमांडू म्हणू लागले. खुद्द माझी बायको भाजीला पाठवताना पिशवीत पैसे पिनेनं टाचून देई. मी धुळ्याला गेलो की आबा मला दुकानात बसवून घेत आणि गिऱ्हाईक बंडी घ्यावी की नाही अशा विचारात दिसलं, की नुसता माझ्याकडे हात करत. बंड्यांचा खप वाढला. एक गोष्ट मात्र मला उलगडत नव्हती. नेपाळचं नाव काढलं की फणकारणारे आबा त्यांच्या कॉलनीतल्या गुरख्याला मात्र दर थंडीत अस्तर लावलेली नवी बंडी फुकट शिवून देऊ लागले होते. देत रागावूनच, अंगावर फेकत आणि "घाल, बघत काय बसलास" म्हणत.

एकदाच माझा बांध फुटता फुटता राहिला. पहूरला बायकोच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. पंगतीत माझा थोरला मुलगा माझ्या शेजारी बसला होता, मिसरूड फुटायच्या वयाचा. आबांनी चोराला वेळ विचारल्याचा भाग सांगितला, सगळे हसले, आणि मुलगा ताटाकडे बघत राहिला. बापाची लाज वाटलेला मुलगा ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी अधिक सांगायला नको. मी हातातला घास खाली ठेवला. "आबा," मी म्हणालो, "सांगूनच टाकू का आज, काय झालं होतं ते?"

पंगतीतल्या माना वळल्या. आबांचा हात, तसाच खरकटा, डाव्या बगलेकडे गेला. समोर मामी वाढत होत्या. कॉलर उलटवून शिवलेला सदरा घातलेला, पासष्टी ओलांडलेला तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. त्यानं विनवणी वगैरे काही केली नाही. रागानंच पाहत होता, पण त्या रागाखाली जमीन नव्हती.

"बोला ना, जावई," कोणीतरी म्हणालं.

"तिसरं बटण," मी म्हणालो. "मला लावताच आलं नव्हतं."

पुन्हा हशा पिकला. त्या दिवशी वाढप्याच्या हातातून घेऊन आबांनी स्वतः माझ्या ताटात वांग्याचं भरीत वाढलं, ढीगभर. आणि म्हणाले, "खा. हे तरी जमतं ना?"

मग आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, पण सुईच्या नेढ्याशी जुळवून घेण्याइतकी नजर परत आली नाही. बाजारात तयार कपडे आले होते, मागच्या खिशाला झिपा आल्या होत्या. दुकान बंद झालं. मी भेटायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. आत सूनबाई, ज्या शाळेत शिकवत, नातीला सांगत होत्या, "शे नाही म्हणायचं बाळा, आहे म्हणायचं." आबा ऐकत होते. मी वाट पाहिली, पण ते रागावले नाहीत.

"जावईबापू," ते म्हणाले, "ते पाकीट कोणी मारलं नव्हतं."

"मग?"

"मी दिलं."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

"तुम्ही आत गेलात आणि एक जण जवळ आला. तुमच्याच वयाचा. माझी टोपी बघून त्यानं अहिराणीत गाव विचारलं, 'आबा, कोन गावना शेतस?' आठ दिवस झाले होते घर सोडून. आपली बसची माणसं तर पुस्तक वाचल्यासारखं बोलत होती. तो बोलत राहिला. कापूस कसा आहे, पाणी पडलं का. मग म्हणाला, 'कयनानी भाकर खाईसन कितला दिन व्हयनात?' कळण्याची भाकर म्हटल्यावर मी विरघळलोच. चामडं आत नेऊ देत नाहीत म्हणून उभा आहे म्हटलं. तो म्हणाला, 'माले द्या. मी उभा शे आठेच. दर्शन लई या.'"

"आणि तुम्ही दिलं."

"नुसतं दिलं नाही. तिसरं बटण कसं फिरवायचं ते त्याला दाखवलं. म्हटलं, देख, कशी कारागिरी शे. तो म्हणाला, 'भारी शे, आबा.' अगदी मनापासून म्हणाला. मी बटणं लावली, दारापर्यंत गेलो, वळून बघतो तर नाही."

सात वर्षांचा राग माझ्या डोक्यात एकदम चढला. "मग हे का नाही सांगितलंत? खिसा फुटलाच नव्हता. तुमच्या हाताला बट्टा नव्हता. तुमचंही नाव राहिलं असतं आणि माझंही."

आता मात्र आबा रागावले. मला बरं वाटलं.

"आणि काय सांगायचं होतं बसमध्ये? खान्देशी माणसाला परदेशात खान्देशी माणसानं लुटलं, आणि तेही आपल्या बोलीत? उद्या परमुलखात कोणी आपल्या भाषेत हाक मारली, तर लोकांनी काय आधी खिसा धरायचा? त्यापेक्षा तुम्ही बावळट ठरलेले बरे. एका माणसावर भागलं."

मी रस्त्याकडे पाहिलं. कोपऱ्यावर गुरखा त्यांनी शिवलेली बंडी घालून बसला होता, आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्या मुलखाला उगाच नावं ठेवली मी." मग आत जाऊन एक नवी बंडी घेऊन आले आणि माझ्या मांडीवर फेकली. नजर गेल्यावर चाचपून शिवलेली. तिसऱ्या बटणाचं काज जरासं तिरपं झालं होतं. चोरखिशात माझं रेक्झिनचं पाकीट होतं. त्यात सगळं जसंच्या तसं होतं, बायकोचा जुना फोटो आणि जळगाव-धुळे प्रवासाचं एक पिवळं पडलेलं तिकीट धरून. मी बंडी तिथंच घालून पाहिली. खांद्याला घट्ट झाली.

"मापाला कोणाला पाठवलं होतं?" आबा म्हणाले.

त्यानंतर दोन थंड्या त्यांनी काढल्या. आता देवपुरात त्यांच्या दुकानाच्या जागी औषधांचं दुकान आहे आणि तिथला मनुष्य फार गोड बोलतो. मला तिथं थांबवत नाही. लग्नात अजून कोणीतरी काठमांडूचा विषय काढतंच, आणि मी चोराला वेळ विचारल्याचा भाग आता स्वतःच सांगतो, कारण तो माझ्याइतका रंगवून कोणाला जमत नाही. प्रवासात ती बंडी माझ्या अंगात असते. तिसरं बटण मला अजून पटकन उघडता येत नाही. कंडक्टर ओरडतो, मागचे लोक ओरडतात, मी बगलेत हात घालून उभा. पण कधी दूरच्या एखाद्या स्टँडवर, अनोळखी गर्दीत बाकावर बसलेलो असताना, मागून आवाज येतो, "भाऊ, कोन गावना शेतस तुम्ही?" तेव्हा माझा डावा हात आपोआप ते तिरपं काज चाचपतो. आणि उजव्या हातानं मी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतो, धूळ झटकतो आणि म्हणतो, "बस भाऊ, बस."